स्टेशनला आधी कळलं होतं

आमच्या गावचं टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक खोली. खोलीत बोर्ड, एक उंच खुर्ची, पाण्याचा माठ आणि स्टेशनच्या रस्त्याकडं उघडणारी खिडकी. गावात फोन मोजकेच होते. सहकारी साखर कारखाना, सरकारी दवाखाना, पोलीस चौकी, सोसायटी आणि अडत्यांच्या चार-दोन पेढ्या. कुणी हँडल फिरवलं की बोर्डावर त्याची चकती पडायची आणि मी विचारायची, "कुठं लावू?" लग्नानंतर दोनेक वर्षांनी मला ही नोकरी लागली. आमच्या बौद्ध वस्तीतली सरकारी पगार घेणारी मी पहिली बाई. गाव मला फोनवाली बाई म्हणायचं.

स्टेशनात मात्र आमचा फोन नव्हता. रेल्वेचा फोन वेगळा, तारा वेगळ्या. त्या तारांवर एक स्टेशन दुसऱ्या स्टेशनाशी बोलायचं आणि ते बोलणं रुळांच्या बाहेर कधी यायचं नाही. रूळसुद्धा बारके, गाडीही बारकी. पश्चिमेला डोंगर होता. घाटावरच्या स्टेशनात इंजिन पाणी प्यायचं, मग गाडी उतार धरून आमच्या गावाला यायची. उतार इतका उभा होता, की ड्रायव्हर ब्रेकवर हात ठेवूनच खाली येतो, असं म्हणायचे.

बहात्तरचा दुष्काळ आम्ही खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढला होता. मी सांगते तो त्यानंतरचा, ऐंशी उलटल्यावरचा. या खेपेला रेशनवर धान्य मिळत होतं, हाताला कामही होतं, पण पाणी नव्हतं. पौषातच आड आटले. कारखान्याचं धुराडं थंड होतं, कारण ऊसच नव्हता. मग तहसीलनं रेल्वेशी बोलून पाण्याची टाकी आणायची सोय केली. आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीला एक टाकीचा डबा जोडून यायचा. स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, म्हणजे सायडिंगला, तो सोडून गाडी पुढं जायची. दुपारी नळ उघडायचा. बायका सकाळपासूनच डब्याच्या सावलीला घागरी मांडून बसायच्या.

माझ्या थोरल्या जाऊबाई तिथं न चुकता जायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज मोठा. सासू गेल्यापासून घर त्यांच्याच हातात होतं. मी एकदा म्हणाले, "बाई, कारखान्याच्या बोअरचं पाणी मी सांगून आणवते, तुम्ही उन्हात कशाला बसता?" त्या म्हणाल्या, "आगं, तिथं बसायला मला बरं वाटतंय. हिरीवर आपल्याला कोन वरून वतंल त्याची वाट बघावी लागती. हितं टाकी रेल्वेची. जी आधी आली ती फुडं."

खरंच तसं होतं. त्या रांगेत पाटलीणबाईंची घागर जाऊबाईंच्या घागरीमागं असायची. म्हणून आपली जागा सोडून कुणी उठायचं नाही. उठलं की जागा गेली.

त्या वर्षी माघात एक गोष्ट झाली होती. घाटावरून एक रिकामा डबा सुटून एकटाच आमच्या स्टेशनापर्यंत आला आणि प्लॅटफॉर्मच्या पुढं जाऊन थांबला. भरदिवसा. कुणाला लागलं नाही. स्टेशनात रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको आमच्या वस्तीत शेण्या न्यायला यायची, तिनं सांगितलं तेव्हा मला कळलं. तिचं म्हणणं, डब्याला ना इंजिन ना माणूस, आला तो आवाजच न करता आला. अंगणातली शेळी दावं तोडून पळाली, तेव्हा तिनं वळून बघितलं.

मी ते चौकीतल्या हवालदाराला सांगितलं. ते एक्स्चेंजमध्ये पाणी प्यायला यायचे. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "रेल्वेचं रेल्वे बघंल, बाई. आपल्याला त्यांनी काय कळवलंय का? न्हाय ना? मंग झालंच न्हाय म्हणायचं."

मीही तो विषय सोडला. पण तेव्हापासून सकाळची गाडी येऊन गेल्यावरसुद्धा दुपारभर माझा कान स्टेशनाकडं लागायला लागला.

चैत्र संपत आला होता. त्या दिवशी टाकी आलेली होती. जाऊबाई न्याहारी न करताच दोन घागरी घेऊन गेल्या. मी दहाला बोर्डावर बसले. दुपारी वारा पडला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. जेवणवेळेनंतर कळंबहून दवाखान्यासाठी ट्रंक कॉल आला. तिथं गॅस्ट्रोचे पेशंट वाढले होते, आमच्या डॉक्टरांना सलाईनच्या बाटल्या घेऊन बोलावलं होतं. मी कॉल जोडून दिला. आमचे डॉक्टर लातूरकडचे, तरुण, नुकतंच लग्न झालेले. "निघतोच," म्हणाले. थोड्या वेळानं दवाखान्याची जीप माझ्या खिडकीवरून स्टेशनच्या रस्त्यानं गेली. कळंबला जायला रेल्वेचं फाटक ओलांडावं लागायचं. जीपमागं उठलेली धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

त्याच सुमाराला स्टेशनात रेल्वेचा फोन वाजला होता. हे आम्हाला मागाहून कळलं. घाटावरचं स्टेशन सांगत होतं की खडीनं भरलेले पाच डबे सुटलेत, तुमच्याकडं निघालेत.

आमचे स्टेशन मास्तर सोलापूरकडचे, निवृत्तीला आलेले, मितभाषी. त्यांच्यापुढं दुसरी अडचण होती. पूर्वेकडून पॅसेंजर गाडी त्याच रुळावर निघालेली होती, तिच्यात माणसं होती. सुटलेले डबे सरळ जाऊ दिले तर ते त्या गाडीवर जाणार. ते वळवायला एकच जागा होती, सायडिंग. आणि सायडिंगला टाकी होती, टाकीच्या सावलीला बायका होत्या.

हाताशी पाव तासही नव्हता. मास्तरांनी सांधेवाल्याला सांधा सायडिंगकडं वळवायला सांगितलं आणि स्वतः बायकांकडं धावले.

पुढचं मला जाऊबाईंनी सांगितलं, एकदा नाही, कितीतरी वेळा. मास्तर धापा टाकत आले आणि ओरडले, "उठा, उठा सगळ्या, लांब व्हा, डबे येतायत." बायकांनी एकमेकींकडं बघितलं. महिन्यापूर्वी असंच उठवलं होतं. तेव्हा बायकांना बाजूला काढून एका गुत्तेदाराचे, म्हणजे ठेकेदाराचे, टँकर आधी भरून दिले होते, आणि संध्याकाळी नळाला नुसती हवा आली होती.

"मास्तर, आज कुनाचं टँकर हाय?" एकीनं विचारलं.

"टँकर नाही, बाई. डबे सुटलेत घाटावरून. पाया पडतो, उठा."

काही पोरसवदा बायका उठून लांब गेल्या. म्हाताऱ्या बसून राहिल्या. जाऊबाई उठल्या, पण घागरीवर एक हात ठेवून. त्यांनी विचार केला की, डबे येणार तर शिट्टी वाजेल, धूर दिसेल, मग पळू. मास्तरांनी दोन-तीन घागरी उचलून लांब फेकल्या. तेव्हा बायका भडकल्या. एकीनं त्यांचा सदरा धरला. डोंगराकडं कुणी बघतच नव्हतं.

शिट्टी वाजली नाही. धूरही दिसला नाही. पायाखालची जमीन थरथरायला लागली, आणि मास्तरांचा आवाज एकदम बंद झाला. ते रुळाकडं नुसते बघत राहिले. त्यांचं तोंड बघून जाऊबाईंनी मागं वळून बघितलं.

माझ्यापर्यंत आवाज आला तो सुरुंगासारखा. आमच्याकडं विहिरी खणताना सुरुंग लागायचे, म्हणून पहिल्यांदा मला तेच वाटलं. पण सुरुंगामागून दगड पडल्याचा आवाज येतो. इथं नंतर काहीच आलं नाही. मी खिडकीशी गेले. स्टेशनावर लाल धुळीचा ढग उभा होता. मग रस्त्याच्या चाकोरीतून एक पाण्याची धार माझ्याकडं यायला लागली. इतकं पाणी त्या रस्त्यानं त्या वर्षात पाहिलं नव्हतं. टाकी फुटली हे मला त्या पाण्यावरून कळलं.

सांधेवाला धावत आला. त्याच्या अंगावर पाणी आणि रक्त दोन्ही होतं. "बाई, डॉक्टरला लावा. बाया टाकीखाली हायत."

मी बोर्डावर दवाखान्याची कॉर्ड, म्हणजे जोडायची वायर, लावली. कंपाउंडर म्हणाले, "साहेब कळंबला गेले."

ते मला ठाऊक होतं. मीच तो कॉल जोडला होता. पण हात आपोआप तिथंच गेला होता. मग मी चौकीला लावलं, सोसायटीला लावलं, कारखान्याला लावलं. कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, "कुठली गाडी?" मी म्हणाले, "गाडी नाही, नुसते डबे. तुम्ही क्रेन पाठवा, ट्रक पाठवा, माणसं पाठवा." त्यांनी पाठवलं, ते उपकार मी विसरणार नाही. मग कळंबचा ट्रंक कॉल मागितला. लाईन मिळेना. मी लातूरमार्गे फिरवून बघितलं, धाराशिवमार्गे बघितलं. शेवटी लाईन मिळाली, तेव्हा कळंबच्या ऑपरेटरला मी म्हणाले, "आमची जीप तिथं पोचली की तशीच मागं फिरवायची. डॉक्टरला चहासुद्धा पिऊ देऊ नका."

तेवढ्यात खिडकीशी पोस्टमन येऊन उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई, तुमच्या जाऊबाई..."

"जिवंत हायत का?"

"हायत. पाय अडकलाय."

मी मान हलवली आणि पुढची कॉर्ड लावली. बोर्डावरच्या सगळ्या चकत्या पडलेल्या होत्या, सगळ्या गावाला एकाच वेळी काहीतरी विचारायचं होतं. मी उठले असते तर गावाला बाहेरचं कुणीच उरलं नसतं. मी उठले नाही. त्या दुपारी मी कुणाकुणाशी काय बोलले, ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, माझा आवाज नेहमीसारखा येत होता आणि मला त्याची भीती वाटत होती.

तीन बायका जागीच गेल्या. चौथी, तेल्याच्या घरची नवी सून, बाहेर काढली तेव्हा बोलत होती. पाणी मागत होती, आणि चहूकडं पाण्याचाच चिखल होता. कंपाउंडरनं पट्ट्या बांधल्या, पण रक्त थांबेना. तिला सलाईन लावायला हवं होतं, आणि सलाईन जीपमध्ये होतं. डॉक्टर अर्ध्या वाटेवरून नाही, थेट कळंबहून फिरून आले, तेव्हा ऊन उतरलं होतं. ती त्याआधीच गेली होती. जाऊबाईंचा पाय त्यांनी तिथंच बांधला आणि कारखान्याच्या ट्रकमधून त्यांना घेऊन सोलापूरला गेले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

पॅसेंजर गाडी स्टेशनाबाहेर सुखरूप थांबली होती. त्यातली माणसं उतरून शेतातून चालत आली, काहींनी बायकांना उचलायला हात लावला.

आठ-दहा दिवसांनी डॉक्टर एक्स्चेंजमध्ये आले. स्टुलावर बसले. मग म्हणाले, "बाई, मी फाटकातून गेलो तेव्हा मास्तर धावत होते. मला वाटलं, गाडीची गडबड आहे. मी हात केला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला.

"तेव्हा त्यांना कळलेलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होतो. जीपमध्ये सगळं होतं."

मास्तरांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं होतं. गाव त्यांना तोंडावर शिव्या द्यायचं. एका संध्याकाळी मी घरी जाताना ते वडाखाली भेटले. मला बघून उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. मी येणार होतो, पण धीर होत नाही." मग आपणहूनच पुढं बोलले, "सांधा कुणीकडं वळवायचा, ते मला शिकवलेलं होतं. पुढच्या स्टेशनला काय सांगायचं, तेही. गावात कुणाला सांगायचं हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, बाई. आणि खरं सांगतो, माझ्या मनातही आलं नाही."

 मी म्हणाले, "असं एकटं हिंडू नका, मास्तर."

रेल्वेची चौकशी झाली. डब्यांचा ब्रेक, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे, घाटावर ड्युटीला कोण होतं, हे सगळं विचारलं गेलं. गावात कुणाला कळवलं होतं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही. डॉक्टरांनी मग ते धरून बसायचं ठरवलं. त्यांनी अर्ज केले, तहसीलदारांना गाठलं, कारखान्याच्या संचालकांना सोबत घेतलं. पावसाळ्याच्या तोंडाला तहसील कचेरीत बैठक लागली. रेल्वेचे एक साहेब आले होते. डॉक्टरांनी मला आणि जाऊबाईंना बोलावलं. जाऊबाई कुबड्यांवर नव्यानं चालायला शिकत होत्या, पायऱ्या चढताना मला धरू दिलं नाही.

साहेब वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "गाडीची सुरक्षा हे आमचं काम आहे, आणि ते आम्ही त्या दिवशी केलं. पॅसेंजर वाचली. गावाला कळवलं असतं तर गाव रुळावर बघायला आलं असतं. मग किती गेले असते?"

डॉक्टर म्हणाले, "गावाला नका कळवू. मला कळवा, पोलिसांना कळवा. डबा सुटला की पहिल्या मिनिटाला. माणसं कशी हलवायची, ते आम्ही बघू."

"तशी तरतूद नाही."

"मग करा," डॉक्टर म्हणाले.

 तेव्हा जाऊबाई बसल्या जागेवरून बोलल्या. "साहेब, तुमचं मास्तर वरडलं हुतं. खोटं कशाला बोलू. म्या हालले न्हाय. मला वाटलं, आमचं पानी दुसऱ्याला देत्यात. हवालदार आला असता, आमचा सरपंच आला असता, न्हायतर ही माजी जाऊ आली असती, तर म्या घागर टाकून पळाले असते. तुमच्या मास्तरावर आमचा इस्वास नव्हता, त्याला ते तरी काय करतील. पर मंग तुमी आमच्या इस्वासाच्या मानसाला का सांगितलं न्हाय?"

 साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. आम्ही एसटीनं परत आलो. वाटेत जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "लई बोलले का गं मी?"

हुकूम यायला पुढचा उन्हाळा उजाडला. स्टेशनात आमच्या एक्स्चेंजचा फोन बसला. डबा किंवा गाडी ताब्याबाहेर गेली, तर स्टेशननं शेजारच्या स्टेशनाबरोबरच एक्स्चेंजलाही लगेच कळवायचं, असं ठरलं. एक्स्चेंजनं दवाखाना, चौकी, सरपंच आणि कारखान्याला सांगायचं. सरपंचांनी कोतवालाकडून दवंडी द्यायची. टाकीचं पाणी सायडिंगवर न वाटता पाइपनं मालधक्क्याच्या पलीकडं, रुळापासून दूर नेऊन द्यायचं ठरलं. हे सगळं आमच्या त्या एका स्टेशनापुरतं. पुढच्या स्टेशनांवर असं काही झालं का, ते मला कधी कळलं नाही.

नवीन मास्तर रोज सकाळी फोन लावून बघायचे. "बाई, लाईन चालू आहे ना?" मी म्हणायची, "चालू आहे." त्या दोन वाक्यांनी माझ्या दिवसाची सुरुवात व्हायची.

दुसऱ्या वर्षी पावसानं पुन्हा ओढ दिली, टाकी चालूच राहिली. भादव्यात, टळटळीत दुपारी, स्टेशनची चकती अवेळी पडली.

"बाई," नवीन मास्तर म्हणाले, "डबे सुटलेत."

मी काही विचारलं नाही. दवाखाना लावला. डॉक्टरांनी एकच शब्द बोलून फोन ठेवला. चौकी, सरपंच, कारखाना. खिडकीतून मला कोतवालाची हलगी ऐकू आली, मग हवालदारांची शिट्टी. माणसं घरातून बाहेर आली, फाटकावरच्या बैलगाड्या मागं वळल्या. डॉक्टरांनी जीप वडाखाली तोंड रस्त्याकडं करून उभी केली आणि स्वतः बाहेर उभे राहिले. हलगी थांबली. सगळं गाव रुळापासून लांब, शेतांच्या बांधावर उभं राहिलं आणि डोंगराकडं बघायला लागलं.  एक म्हातारी काहीतरी पुटपुटत होती.

आम्ही वाट बघितली. बराच वेळ काही आलं नाही.

मग मास्तरांचा फोन आला. डबे गावाच्या अलीकडं, ओढ्याजवळच्या बारक्या चढावर अडकून थांबले होते. फक्त दोन डबे, रिकामे.

मी ते सगळ्यांना कळवलं. लोक बांधावरून खाली उतरले, आणि उतरता उतरताच कुरकुर सुरू झाली. कुणाची भाकरी तव्यावर करपली होती, कुणाचा बैल उधळून गेला होता. टाकीवर आलेल्या बायका परतताना माझ्या खिडकीखालून चालल्या होत्या. एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "उगं उन्हात उभं केलं फोनवालीनं. काय आलं न् काय न्हाय."

जाऊबाई एक्स्चेंजच्या पायरीवर बसलेल्या होत्या. दवंडी ऐकून त्या रुळापासून लांब जायच्या ऐवजी माझ्याकडं आल्या होत्या. त्या बाईला म्हणाल्या, "आलं न्हाय म्हणून रडतीस व्हय गं?"

ती बाई थांबली, आणि मग घागर दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "पुढच्या वेळी यातली अर्धी माणसं हलणार नाहीत, बाई," ते म्हणाले. "दोनदा असं रिकामं गेलं, की दवंडीचाही विश्वास जाईल."

"तरी सांगायचं ना?" मी विचारलं.

"सांगायचंच. दुसरं आहे काय आपल्या हातात."

बोर्ड रात्रपाळीच्या माणसाकडं देऊन मी जाऊबाईंबरोबर घरी निघाले. फाटकाशी आल्यावर त्या थांबल्या. गाडीची वेळ नव्हती, सिग्नल पडलेला नव्हता, दोन्ही बाजूंना रूळ मोकळे दिसत होते. त्यांनी कुबडीचं टोक रुळावर टेकवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. रूळ थरथरतोय का, ते हातानं बघत असाव्यात. मी वाट बघितली. मग त्या म्हणाल्या, "चल." आणि आम्ही पलीकडं गेलो.